खाचर कुणाचं

दिल्लीहून येणाऱ्या समितीसाठी पेणकरपाड्याच्या देवळापुढे मांडव घातला होता, प्लास्टिकच्या खुर्च्यांना पांढरे झगे चढवले होते आणि शहाळ्यांत नळ्या खोचून ठेवल्या होत्या. देशाचं नवं क्रीडा धोरण ठरायचं होतं. असली धोरणं बंद खोलीत ठरतात असा लोकांचा समज असतो आणि तो बराचसा खराही असतो. पण हल्ली खोलीचं दार लावण्याआधी एकदा बाहेर चक्कर मारून यायची पद्धत पडली आहे, तिला लोकसहभाग म्हणतात. समिती मोठमोठ्या शहरांत फिरणार होती, स्टेडियमं बघणार होती. त्या दौऱ्यात पेणकरपाडा घुसवला तो हेमांगीने.

हेमांगी या गावचीच. बाळारामची धाकटी मुलगी, एकेकाळी राज्य पातळीपर्यंत गेलेली कबड्डीपटू, आणि आता अंधेरीतल्या एका सल्लागार कंपनीत नोकरीला. धोरणाचा मसुदा लिहायचं काम सरकारने या कंपनीला दिलं होतं आणि त्यातलं मैदानांचं प्रकरण हेमांगीच्या वाट्याला आलं होतं. तिला वाटलं, आयुष्यात एकदा अशी संधी येते. देशाच्या धोरणात आपल्या मैदानाचं भलं करून घ्यायचं, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात होती. त्यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. म्हणून तर पुढचं सगळं सांगताना जिवावर येतं.

मैदान देवळाच्या मागे होतं. तिन्ही बाजूंनी इमारती उठलेल्या, वरून वाळत घातलेले कपडे डोकावणारे आणि मधोमध ही काळी मोकळी जागा. गाव तिला देवीचं खाचर म्हणे. पूर्वी तिथे भात व्हायचा. गावातली जुनी घरं मिठागरांवर राबलेली, त्यामुळे मैदान करायची त्यांची रीतही तशीच. दिवाळी झाली की माती भुसभुशीत करायची, जाडं मीठ पेरायचं, पाणी शिंपायचं आणि मग सगळ्यांनी रांगेने, अनवाणी, पुढे-मागे चालत ती तुडवायची. मिठाने ओल धरून राहते, धूळ उडत नाही. खरचटलं की मात्र असं झोंबतं की नव्या पोरी पहिल्या आठवड्यात रडतात.

समितीसमोर पोरींनी एक झकास डाव खेळून दाखवला. कॅप्टन होती निशा. तिचं कुटुंब मराठवाड्यातून आलेलं, बौद्ध, गावातल्या चाळीत भाड्याने राहणारं. संघात आगरी पोरी होत्या, निशासारख्या होत्या, एक गुजराती दुकानदाराची होती, एक मीरा रोडच्या टॉवरमधली होती. समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त सचिव, भला माणूस, मनापासून टाळ्या वाजवत होता. टाळ्या झाल्यावर त्याने बाळारामकडे वळून विचारलं, "बहुत बढ़िया. और ये ज़मीन किसकी है?"

बाळारामने हात जोडले. "आमची न्हाय साहेब. देवीची हाय."

"मतलब, मालिक कौन?"

"कुनीच न्हाय," बाळाराम म्हणाला, आणि मांडवातल्या सगळ्या म्हाताऱ्या माना एकदम हलल्या. "बरोबर हाय. कुनाची न्हाय. देवीची."

खरं तर ती बाळारामची होती. त्याच्या बापाची भाताची जमीन. मिठागरं बंद पडली, गावावर वाईट दिवस आले, घरात पोरं जगेनात, तेव्हा त्या बापाने गावदेवीला नवस केला आणि हे खाचर तिला वाहिलं. आजपासून या घरातलं कुणी या जागेला आपली म्हणणार नाही, असा शब्द दिला. बाळाराम त्यानंतर जन्मला आणि जगला. सातबारावर मात्र नाव बापाचंच राहिलं आणि बाप गेल्यावर वारसाने बाळारामचं चढलं. ते बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. देवीचं नाव चढवायला तलाठ्याकडे कोण जाणार? शब्द होता, तो पुरेसा होता. बिल्डर येऊन गेले, त्यांनाही बाळारामने हेच उत्तर दिलं होतं आणि जी जागा विकणाराच नाही ती विकत कशी घ्यायची, हे न कळून ते परत गेले होते.

बाळारामचं वाक्य हेमांगीने अध्यक्षांना इंग्रजीत समजावून सांगितलं. ही जमीन सगळ्या समाजाची आहे, इथे कुणीच मालकी सांगत नाही, हीच आमची परंपरा. अध्यक्ष भारावून गेले. कंपनीचा माणूस मोबाइलवर सगळं चित्रित करत होता. हेमांगीला बापाचा फार अभिमान वाटला.

मग दार बंद झालं आणि धोरण लिहायला सुरुवात झाली.

हेमांगीने पहिल्या मसुद्यात लिहिलं की गावोगावची, वस्त्यावस्त्यांतली खेळती मैदानं हीच देशाच्या खेळाची मुळं आहेत आणि त्यांना हात लावू नये. तिचा वरिष्ठ नीरज हुशार होता, खवट नव्हता. तो म्हणाला, "सुंदर लिहिलंयस. पण धोरणात 'हात लावू नये' असं नसतं गं. धोरण म्हणजे कोणीतरी काहीतरी करणार. कोण काय करणार, ते लिही." तिला ते पटलं. शिवाय तिच्या डोळ्यांसमोर बिल्डर होते. लहानपणापासून तिने गावाच्या जमिनी त्यांच्या घशात जाताना पाहिल्या होत्या. सरकार मध्ये पडलं तरच मैदानं वाचतील, असं तिला मनापासून वाटत होतं. तिने लिहिलं की ज्या मैदानांवर कुणी मालकी सांगत नाही, त्यांना सरकारने संरक्षण द्यावं.

वाक्य तिचंच होतं. ते पुढे निघालं. क्रीडा संघटनांची बैठक झाली, त्यांना पदकं हवी होती. नुसत्या संरक्षणाने पदकं कशी येणार? 'संरक्षण द्यावं'च्या पुढे 'व विकास करावा' आलं. अर्थ खात्याचा माणूस म्हणाला, ज्याचा ताबा नाही त्याच्यावर सरकार पैसा कसा घालणार? 'ताब्यात घेऊन' आलं. विकास म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा निवडक खेळाडूंसाठी उच्च दर्जाच्या सुविधा, अशी व्याख्या झाली. राज्यांची पत्रं आली, त्यांना खासगी जमिनींची कटकट नको होती, म्हणून शेवटी एक ओळ जोडली गेली की खासगी मालकीच्या जागा या प्रकरणातून वगळल्या आहेत. प्रत्येक बदलाला हेमांगी हजर होती. प्रत्येक बदल लहान होता आणि समजूतदार माणसाने केलेला होता. भांडण कुठे करायचं, हेच तिला सापडेना. सगळं झाल्यावर तिने प्रकरण पहिल्यापासून वाचलं, तेव्हा त्यात 'हात लावू नये' कुठेच उरलं नव्हतं.

धोरण मंजूर झालं. पेढे वाटले. नमुना म्हणून काही मैदानं लगेच हाती घ्यायची होती आणि समितीने स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं, गावानेच मालक नाही म्हणून सांगितलेलं, असं एक मैदान तयारच होतं. एका सकाळी देवळामागे ट्रक आला आणि कुंपणाचे निळे पत्रे उतरले.

आराखडा देवळाच्या भिंतीला चिकटवला होता. बंदिस्त हॉल, मॅट, नेमबाजीची रेंज, जिम, वाहनतळ. प्रवेश निवड चाचणीतून, चाचणी वयोगटाप्रमाणे. बांधकाम संपेपर्यंत मैदान बंद. निशाने ते उभ्या उभ्या सगळं वाचलं. "ताई, याच्यात आम्ही कुठे आहोत?" तिने हेमांगीला विचारलं. "निवड झाली तर आहेस ना तू," हेमांगी म्हणाली. "आणि बाकीच्या?" हेमांगीने नीरजला फोन लावला, अध्यक्षांना मेल केला. दोघांनी सहानुभूती दाखवली. धोरण आता आपल्या हातात नाही, ते अमलात आणणारी यंत्रणा वेगळी, असं दोघांचंही म्हणणं पडलं. हात झटकायला इतकी सभ्य भाषा असते, हे तिला त्या दिवशी कळलं.

एकच फट शिल्लक होती आणि ती यंत्रणेच्या अधिकाऱ्यानेच दाखवली. हरकतींची सुनावणी होणार होती. "मॅडम, सातबारा तुमच्या वडिलांच्या नावाचा आहे, मी बघितलाय," तो म्हणाला. "पण त्यांनी सगळ्यांसमोर कॅमेऱ्यात हक्क नाकारलाय. सुनावणीला येऊन सगळ्यांसमोर बोलू देत, जागा माझी आहे. खासगी जागा आम्हाला लागूच नाही. पत्रे त्याच दिवशी काढतो."

हेमांगी घरी आली ती जवळजवळ पळतच. तिला वाटलं, एवढंच? एक वाक्य?

बाळाराम ओटीवर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मना न्हाय बोलता येनार, बाय."

"बाबा, खोटं कुठे आहे त्यात? कागदावर तुझंच नाव हाय."

"कागद सरकारचा. शबुद माज्या बापाचा. त्या शबदावर मी जगलोय."

"अरे, पण शब्द कशासाठी दिला होता आजोबाने? जागा सगळ्यांची राहावी म्हणूनच ना? आता तू गप्प बसलास तर ती जाणार. पोरी कुठे खेळतील? निशा कुठे जाईल?"

आतून जिजाबाई, हेमांगीची आई, हात पुसत बाहेर आली. तिने आयुष्यभर देवीला नारळ फोडला होता, पण व्यवहारात ती नवऱ्यापेक्षा पक्की. "सांगून टाका हो," ती म्हणाली. "देवी काय सुनावनीला येनार हाय?"

हेमांगीचा थोरला भाऊ भूपेश दारात मोटरसायकल लावत होता. या भानगडीत तो आजवर पडला नव्हता. आज मात्र तो आत आला आणि बापाशेजारी बसला. "बाबा, हेमा बरोबर बोलतंय. एकदा बोलून टाक. सातबारा मी काढून आणतो, फेरफार आणतो, वकीलपण बघतो." हेमांगीला भावाचं कौतुक वाटलं. भूपेश इतका चटकन मदतीला येतो म्हणजे त्यालाही गावाची काळजी आहे, असं ती धरून चालली. बहिणी असंच धरून चालतात.

रात्रभर बाळारामने कुशी बदलल्या. सकाळी तो देवळात गेला, बराच वेळ गाभाऱ्यापुढे उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "चल. तू बोलतेस म्हनून."

सुनावणी त्याच देवळापुढे झाली. या खेपेला खुर्च्यांना झगे नव्हते. गाव जमलं होतं, निशा आणि तिच्या पोरी मागे उभ्या होत्या. अधिकाऱ्याने विचारलं, "या जागेवर कुणाचा हक्क आहे?"

बाळाराम उठला. धोतराचा सोगा त्याने मुठीत गच्च धरला होता. हेमांगीने मागून हळूच म्हटलं, "बोल, बाबा." आणि तो बोलला.

"जागा माजी हाय."

अधिकाऱ्याला नीट ऐकू आलं नाही. "जरा मोठ्याने."

"माजी हाय. माज्या मालकीची."

ज्या म्हाताऱ्यांनी समितीसमोर माना हलवल्या होत्या ते आता देवळाकडे बघत होते, बाळारामकडे नाही. अधिकारी समाधानाने उठला. शब्दाला जागणारा माणूस निघाला तो, संध्याकाळपर्यंत पत्रे गेले. हेमांगीने आनंदाने निशाला मिठी मारली. सरकारच्या तोंडातून मैदान काढून आणलं होतं आणि तेही आपणच लिहिलेल्या धोरणातल्या एका ओळीच्या जोरावर! तिला ऑफिसात जाऊन नीरजला हे सांगायची घाई झाली होती.

जिजाबाईने त्या दिवशी चहाचं मोठं पातेलं चढवलं, पण गावातलं कुणी चहाला आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाळाराम नाक्यावर गेला, तर बाकावरची माणसं त्याला जागा द्यायला उठून उभी राहिली. आजवर ती नुसती सरकत असत. कुणी वाईट बोललं नाही. एवढंच कुणीतरी म्हणालं, "आता बरं झाला शेट, जागा सुटली तुमची." बाळाराम घरी आला आणि त्यानंतर नाक्यावर गेला नाही.

आठवड्याने भूपेश एका माणसाला घेऊन आला. गळ्यात साखळी, हातात गाडीची किल्ली, नाव जितेंद्र. तो ओटीवर चढण्याआधी खाचरावर गेला आणि चारी कोपऱ्यांत चालून आला. मग बाळारामच्या पाया पडला. "काका, तुम्ही खरं बोललात ते फार मोठं काम केलंत. इतकी वर्षं आमच्यासारख्यांना कळतच नव्हतं, बोलायचं तर कोणाशी बोलायचं."

हेमांगी उसळली. "दादा, हे काय चाललंय? ती जागा देवीची आहे."

"सुनावनीला बाबा काय बोलला?" भूपेश शांतपणे म्हणाला. "सगल्या गावासमोर बोलला. माजी हाय. बाबाची म्हंजे पुढे माजी आणि तुजीपन. तुला काय कमी देनार न्हाय मी."

"आपण मैदान वाचवायला बोललो होतो!"

"तू त्यासाठी बोललीस. मी न्हाय." त्याला स्वतःची लाज वाटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तो शब्द पाळशील का, असं त्याला कुणी कधी विचारलंही नव्हतं. जमीन घरात होती आणि घर तिला आपली म्हणू शकत नव्हतं. भूपेशने सगळं आयुष्य भाड्याची रिक्षा चालवत त्या जागेसमोरून काढलं होतं. त्याचं तोंड एका शब्दाने बांधलेलं होतं. तो शब्द बहिणीने सोडवला.

"बाबा, तू सांग ना याला," हेमांगी म्हणाली. "तू सही करू नकोस. बस्स."

बाळारामने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "काय सांगू? देवीची हाय म्हनू? येकदा माजी बोललो, आता परत देवीची बोललो तर कोन ऐकनार? देवी तरी ऐकंल का? शबुद व्हता तवर मी कोनाला बी न्हाय म्हनू शकत व्हतो. आता कनच्या तोंडानं म्हनू?"

हेमांगीने त्या रात्री धोरणाचं ते प्रकरण पुन्हा काढलं. देवस्थान, विश्वस्त मंडळ, काहीतरी सापडेल म्हणून शोधलं. खासगी जागा वगळल्या होत्या. वगळणाऱ्या बैठकीला ती स्वतः हजर होती. सरकारची मैदानं होती, मालकांची मैदानं होती. जी कुणाचीच नव्हती अशा जागेला त्या सगळ्या पानांत उभं राहायला ठिकाण नव्हतं. कारण ती समिती असो, ती स्वतः असो, सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, जागा कुणाची. मैदान त्या प्रश्नानेच गेलं होतं, पत्र्यांनी नाही, आणि तो प्रश्न गावात घेऊन आली होती ती. हे कळून तिला रडू फुटलं. उशीत तोंड खुपसून ती कितीतरी वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बापाजवळ देवळाच्या पायरीवर बसली होती. खाचर रिकामं होतं. पोरींची यायची वेळ झाली तशा त्या आल्या, पण नेहमीसारख्या धावत आत शिरल्या नाहीत. सगळ्या कडेला थांबल्या, पायांत चपला तशाच. निशा एकटी पुढे आली आणि बाळारामसमोर उभी राहिली.

"काका, आज प्रॅक्टिस केली तर चालेल का?"

हेमांगीला आधी ते कळलंच नाही. "अगं, विचारतेस काय? जा ना, खेळा!"

निशा तिच्याकडे बघून ओशाळं हसली, पण जागची हलली नाही. "तसं नाही ताई. मम्मी बोलली, आता जागा काकांची आहे, विचारून जात जा. उद्या कोणी काही बोललं तर आपलं इथे कोण आहे?"

ती पुन्हा म्हाताऱ्याकडे वळली आणि वाट बघत उभी राहिली. त्या मैदानावर खेळायची परवानगी आजवर कुणी मागितली नव्हती आणि कुणी दिली नव्हती. बाळारामने तोंड उघडलं, मिटलं. हेमांगीने त्याचा हात धरला, हो म्हण, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण त्याने हात सोडवून घेतला.

"मना नको इचारू, पोरी," तो म्हणाला. "भूपेशला इचार."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. निशाने खिशातून मोबाइल काढला, थोडी घुटमळली आणि मग हेमांगीला म्हणाली, "ताई, भूपेशदादांचा नंबर सांगता का?"

हेमांगीने नंबर सांगितला.